रिकाम्या घराचा विमा

२०२३ साल. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी रंगुबाई ओसरीवरचं रक्त राखेनं घासत होत्या. फरशीत मुरलेलं ते रक्त निघता निघत नव्हतं. सकाळीच त्यांच्या पुतण्यानं, गहिनीनाथनं, भाडेकरू भीमाचा जबडा ट्रॅक्टरच्या पान्यानं फोडला होता. दुपारच्या आत भीमाच्या बायकोनं, आरतीनं, भांडीकुंडी टेम्पोत भरली. जाताना तिनं किल्ली रंगुबाईंच्या हातात दिली नाही. ओसरीच्या कडेला ठेवली आणि निघून गेली.

नेवाशातल्या त्या दोन पत्र्याच्या खोल्या रंगुबाईंच्या नवऱ्यानं मरायच्या आधी बांधून दिल्या होत्या. म्हातारी एकटी समोरच्या घरात राहायची आणि या खोल्यांच्या भाड्यावर तिची चूल पेटायची. जागेत आपल्या बापाचाही वाटा आहे, असं गहिनीनाथचं म्हणणं. कोर्टानं ते मानलं नाही. तेव्हापासून तो चारचौघांत सांगत फिरे, मला नाही तर कुणालाच नाही, एक दिवस पेटवून देईन. लोक त्याला हसत नसत. रंगुबाईंना वाटे, हेच पोर कधीकाळी विहिरीवर आपल्या पदराला धरून पायरीवर बसायचं, पाण्यात उतर म्हटलं की रडायचं. कुठं गेलं ते पोर?

त्यांनी विमा उतरवायचं ठरवलं. विमा करून देणारा वैजनाथ मोटारसायकलवर आला, पत्रे पाहिले, वायरिंग पाहिलं, चहा प्यायला आणि म्हणाला,

"काकू, रिकाम्या घराचा विमा आमच्याकडं होत नाही. आत माणूस राहतंय असं दाखवा. मग आग कुणीबी लावू द्या, तुम्ही सोडून."

माणूस कुठून आणायचं? भीमाच्या जबड्याची गोष्ट गल्लोगल्ली झाली होती. एक मास्तर आला, खोली आवडली म्हणाला आणि परत फिरकला नाही. ऊसतोडीहून परतलेल्या एका जोडप्यानं मालकिणीचं आडनाव ऐकताच बोचकं उचललं.

पाडव्याच्या सुमाराला कळलं, की थोरली जाऊ केशरबाई देवळात निजते आहे. ती गहिनीनाथची आई. भीमाला कशाला मारलंस, एवढंच तिनं विचारलं होतं. पोरानं तिचा हात पिरगाळून मोडला आणि तिला दाराबाहेर काढलं. दोघी जावांचं कोर्टकज्जा झाल्यापासून बोलणं नव्हतं. रंगुबाई देवळात गेल्या, तिच्याजवळ बसल्या आणि खोलीचं बोलल्या.

केशरबाईंनी प्लास्टरमधला हात मांडीवर नीट घेतला.

"मला कशाला नेतीस ते कळतंय, रंगू. मी आत असल्यावर तो काडी लावायचा न्हाई. आन लावलीच, तर विम्यात तुझं घर भरून यील."

रंगुबाईंनी जावेच्या लुगड्यांचं गाठोडं काखेत मारलं.

"चल," केशरबाई उठत म्हणाल्या. "हितं तरी डास झोपू देत्यात व्हय."

वैजनाथनं फोटो काढला. दारात केशरबाई, मोडक्या हातावर पदर. चैत्रात विम्याचा कागद आला. रंगुबाईंनी तो देव्हाऱ्याखाली सारला, पण झोप लागेना. समोरच्या खोलीत दिवा दिसला की त्यांना जावेचं देवळातलं बोलणं ऐकू येई.

वैशाखातली टळटळीत दुपार. रंगुबाई अंगणात कुरडया वाळत घालत होत्या. समोरच्या खोलीपाशी गहिनीनाथ आला. हातात डिझेलचा कॅन. त्यानं दारावर, चौकटीवर, खिडकीवर डिझेल ओतलं, घाईगडबड नाही, जसं काही झाडांना पाणी घालतोय. रंगुबाईंना काहीच करावं लागणार नव्हतं. नुसतं बसून राहिलं की विमा मिळणार होता.

त्या उठल्या. रस्ता ओलांडून त्याच्या अंगाला घासून आत शिरल्या आणि जावेला लागून बसल्या.

"काकी, भाईर हो. आई, तू बी."

कुणी हललं नाही. तो खिसे चाचपू लागला. केशरबाई म्हणाल्या,

"काडी न्हाई का? चुलीपाशी हाय. आत येऊन घे."

गहिनीनाथनं उंबऱ्यापाशी चपला काढल्या. घरात चपलेनं येऊ नये, हे आईनं लहानपणी अंगी मुरवलेलं. अनवाणी तो आत आला, काडीपेटीसाठी वाकला. केशरबाईंनी पेटीवर हात ठेवला. त्यानं तोच हात धरला, प्लास्टरमधला, आणि पिळला. वाळला कडबा मोडावा तसा आवाज झाला. केशरबाई ओरडल्या नाहीत, फक्त त्यांचं तोंड उघडं राहिलं.

पाट्यावर मिरच्यांचं वाटण तसंच होतं. रंगुबाईंनी वरवंटा उचलला आणि त्याच्या कानामागं घातला. तो गुडघ्यांवर आला. मग त्यांनी पुन्हा एकदा घातला. दुसऱ्या घावाची गरज नव्हती. केशरबाई बघत होत्या.

हवालदार आला तेव्हा रंगुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, हाताला मिरचीची आग होत होती. त्यांनी तोंड उघडायच्या आधी केशरबाई बोलल्या.

"पाय घसरला त्याचा. डिझेल त्यानंच वतलं हुतं. पाट्यावर आपटला."

हवालदारानं ओला उंबरा पाहिला, बाहेरच्या चपला पाहिल्या. रंगुबाईंच्या हातांकडं जरा जास्त वेळ पाहिलं. मग लिहून घेतलं.

भीमाचा जबडा तारा घालून सांधला. तो आता शेवगावकडं टेम्पो चालवतो. आरती अजून त्या गल्लीतून जात नाही. वैजनाथनं तो धंदा सोडून नगरला मोबाईलचं दुकान टाकलं. विम्याची मुदत संपली, पुढचा हप्ता कुणी भरला नाही. गहिनीनाथ वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. बायको माहेरी निघून गेली. दवाखान्यातून केशरबाईंनी त्याला आणलं ते याच खोलीत. रंगुबाईंनी दार उघडून दिलं.

केशरबाईंचा हात वाकडा सांधला, खांद्याच्या वर जात नाही. एका हातानंच त्या पोराला अंघोळ घालतात. एकदा मोरीतून त्यांनी हाक मारली.

"रंगू, कानामागं जरा तेल लाव गं. माझा हात पोचत न्हाई."

रंगुबाईंनी वाटीत बोटं बुडवली. केसांत चाचपत गेल्या. त्याच्या डोक्याला एकाशेजारी एक दोन खळगे लागले. केशरबाईंनी मान वळवून बंबातला जाळ पुढं सारायला घेतला.

रंगुबाई तेल जिरवत बसल्या.