ग्लेनिसच्या पिस्तुलाची नळी

पाचवी गोळी सुटली आणि ग्लेनिस ट्रेगेन्झाने दुर्बिणीला डोळा लावला. कागदावर चार भोकं चार दिशांना पांगली होती. पाचवं तर भोकच नव्हतं, नुसती लांबट चीर होती. गोळी भेलकांडत जाऊन कागदात आडवी घुसली होती.

"झालं! आता गोळ्या झोपून जायला लागल्या," ती म्हणाली. पिस्तूल आपटायचा मोह आवरून तिने ते रिकामं केलं आणि टेबलावर ठेवलं.

दोष कुठे आहे हे तिला ठाऊक होतं, मूंटा गावाच्या अख्ख्या पिस्तूल क्लबला ठाऊक होतं. हिवाळ्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती ॲडलेडच्या इस्पितळात पडून होती आणि घरी तिच्या नवऱ्याने, केलने, तिचं पिस्तूल साफ केलं. परवाना दोघांचाही होता, त्यामुळे पिस्तुलाच्या तिजोरीची चावी त्याच्याकडेही होती. पण केल क्लबात यायचा तो मुख्यतः सॉसेज भाजायला. त्याने शेडमधली पोलादी सळई घेतली, तिला तारेचा ब्रश बांधला, ती ड्रिलला लावली आणि नळी आतून लख्ख घासून काढली. गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा त्याने पार गुळगुळीत करून टाकल्या. वर ती घरी आल्यावर कौतुकाने म्हणाला, "बघ, आरशासारखी झालीय!"

अशा माणसावर ओरडणार तरी कसं?

दुपारी पावात सॉसेज घालून सगळे सावलीत बसले आणि विषय निघालाच.

"नळी बदल," रॉय नॅनकिव्हेल म्हणाला. रॉय क्लबातला सगळ्यात जुना नेमबाज, आणि मत नसलेला विषय त्याला अजून सापडायचा होता. "टायर गेला म्हणून कुणी गाडी विकत नाही."

"अरे, टायर नाही, इंजिन गेलंय इंजिन," क्लबची सेक्रेटरी लॉरेल म्हणाली. "कंपनीने हे मॉडेल बंद करून किती वर्षं झाली! ग्लेनिस, माझं ऐक, सरळ दुसरं घे."

"मी होडी विकतो," शेगडीपाशी उभा असलेला केल म्हणाला. "नवं कोरं घेऊ."

"होडीला हात लावलास तर बघ!" ग्लेनिस ताडकन म्हणाली. होडी विकून हा माणूस आणखी चांगला ठरणार, आणि मग आयुष्यात याच्याशी धड भांडताही येणार नाही, या विचाराने तिच्या मुठीत दबलेल्या पावातून सॉसेज निम्मं बाहेर आलं.

"माझं नवं घेऊन तरी बघ," रॉय म्हणाला. मघाशी नळी बदल म्हणणारा माणूस आता नवं पिस्तूल पुढे करत होता. तरी तिने ते घेतलं.

इटालियन पिस्तूल होतं, लोण्यासारखं चालायचं. पहिली गोळी नऊच्या वर्तुळात, दुसरी दहाच्या. तिसरीला मूठ हातात फिरली. ग्लेनिसच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. तरुणपणी धान्याच्या कोठारावर काम करताना यंत्राच्या पट्ट्यात सापडली होती. तिच्या जुन्या पिस्तुलाची लाकडी मूठ तिने स्वतः कानशीने घासून, पुट्टी भरून, पुन्हा घासून त्या अर्ध्या बोटांच्या मापाची केली होती. दोन हिवाळे गेले होते त्यात. ती मूठ दुसऱ्या पिस्तुलावर बसणारी नव्हती.

"मूठ काय, कुणीही करून देईल," लॉरेल म्हणाली.

"कोण कुणीही? तू देतेस करून?" ग्लेनिसने विचारलं. लॉरेलने पाव तोंडात घातला.

शेवटी ती पोर्ट पिरीला मिलानकडे गेली. मिलान बंदुका दुरुस्त करायचा, कमी बोलायचा. त्याने नळीत उजेड टाकून बराच वेळ पाहिलं.

"कशाने घासलीस?"

"मी नाही." तिने मान वळवली. गाडी चालवून आणणारा केल भिंतीवरचं कॅलेंडर अगदी मन लावून वाचत होता.

"तोंडाकडचा तुकडा कापून भागलं असतं, तर कापला असता," मिलान म्हणाला. "पण खाचा आतपर्यंत गेल्यात. मेलबर्नला एकाकडे मोडीत निघालेल्या पिस्तुलाची नळी आहे. परवानगी काढ, मी मागवतो, बसवून देतो."

"म्हणजे नळीच बदलू?"

"तसं मी म्हटलं नाही. वरचा भागही ढिला झालाय. नळी नवी बसली की पुढे दुसरं काहीतरी निघेल."

"मग दुसरंच घेऊ?"

"तसंही म्हटलं नाही. तुझ्या हाताला दुसरं बसेल की नाही, मला काय माहीत?"

"अरे मिलान, सरळ सांग ना! तुझ्या जागी... म्हणजे माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?"

"मी मासे पकडतो," मिलान म्हणाला.

परतीच्या वाटेवर ती मनाशी चिडत होती. ज्यांना काही कळत नाही त्यांच्याकडे मतांचा पूर, आणि ज्याला कळतं तो मासे पकडतो. पुढे जवाच्या कापणीचं एक अवाढव्य यंत्र रस्ता अडवून डुलत चाललं होतं. ओलांडायला जागा नव्हती. केल शीळ घालू लागला.

"शीळ बंद कर!"

त्याने बंद केली. मग म्हणाला, "ओरडायचंय ना तुला? किती दिवस राग गिळतेयस. ओरड की मग."

आणि ती ओरडली. ड्रिलवरून ओरडली, आरशावरून ओरडली, होडीवरून ओरडली. "आणि तू वाईट वागला असतास तर बरं झालं असतं! मला निदान रागावता तरी आलं असतं!"

"मी आपणहून नाही केलं काही," केलचाही आवाज चढला. "ऑपरेशनच्या रात्री तूच फोन केलास मला. जीभ जड झालेली तुझी. म्हणालीस, केल, खाऱ्या वाऱ्याने माझं पिस्तूल गंजेल रे, ते पूस."

"मी? शक्य नाही."

"तीनदा म्हणालीस. रडत होतीस."

ग्लेनिसला यातलं काहीच आठवत नव्हतं. पण खाऱ्या वाऱ्याची ती धास्ती मात्र तिचीच होती, केलला असलं काही सुचलं नसतं.  धुरळा काचेवर बसत होता.

"पूस म्हणाले असेन," ती अखेर म्हणाली. "घास नाही म्हणाले."

"ते खरं," केल म्हणाला.

"ड्रिल तर नाहीच नाही."

"नाही. ड्रिल माझं डोकं."

यंत्र एका शेताच्या फाटकात वळलं आणि रस्ता मोकळा झाला. राग गेला नव्हता, पण आता तो कुणा एकावर ठेवता येईना. घरी पोचून तिने गाडीतून उतरायच्या आत मिलानला फोन लावला. "मागव ती नळी. आणि काही बोलू नकोस."



परवानगी यायला जानेवारी उजाडला, उन्हाळा अर्धा सरला. नळी आली, बसली. पहिल्याच रविवारी पाचही भोकं एका बशीच्या आत आली. रॉय म्हणाला, "मी सांगितलंच होतं." दुसऱ्या रविवारी गोळी मध्येच अडकली. लॉरेल म्हणाली, "मी सांगितलंच होतं."

मार्चमध्ये वॉलरूला क्लबांची स्पर्धा झाली. सुरुवातीला ग्लेनिसचा नेम असा जमला की शेजारच्या रांगेतले लोक मान वळवून पाहू लागले. शेवटच्या फेरीत रिकामं काडतूस वर अडकून बसलं. तिने हात वर केला, पंचांनी येऊन पाहिलं आणि फेरी पुन्हा मारायला दिली. पण तोवर हाताची लय मोडली होती. ती चौथी आली.

बाहेर लॉरेलने गाठलंच. "मग काय ठरलं शेवटी? बदललीस ते बरोबर झालं की चुकलं?"

"मला माहीत नाही, लॉरेल," ग्लेनिस म्हणाली. "दुसरं घेतलं असतं तर मूठ फिरून चौथी आले असते, नाहीतर पहिली आले असते, नाहीतर घरी बसले असते. पुन्हा विचारलंस तर मी मिलानसारखे मासे पकडायला जाईन."

"होडी आहे आपल्याकडे," मागून केल म्हणाला.

ती वळली.  मग पिस्तुलाची कुलूपबंद पेटी गाडीत ठेवून म्हणाली, "चल, भूक लागलीय मला. आणि वाटेत एक शब्द बोलू नकोस."