नकाराच्या चौकटीतली खूण

व्हर्नाच्या नळाचं पाणी फेब्रुवारीपासून फसफसत होतं. तपासनीस हुडॅक बाटल्या भरून घेऊन गेला होता. आज तो अहवाल घेऊन तिच्या स्वयंपाकघरात बसला.

“गॅसच आहे,” तो म्हणाला.

“हे सांगायला सरकारला सहा आठवडे लागले? माझ्या गाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तोंड लावेनात पाण्याला!”

पलीकडे शेजारी स्ट्राउडांच्या कुरणात एका गॅस कंपनीने जमिनीखालचा खडक फोडून गॅस काढला होता. खोटं कशाला बोला, खोऱ्याचं त्यात भलंही झालं. स्ट्राउडांच्या गोठ्यावर नवं छप्पर आलं, शहरात गेलेला मुलगा घरी परतला. एकट्या मर्लने, व्हर्नाच्या नवऱ्याने, जमीन दिली नाही, आणि त्यापायी तीन शेजाऱ्यांचे करार अडले. पाण्यात राहून माशाशी वैर! मर्लने अंथरूण धरलं तेव्हा चर्चच्या बायकांकडून जेवणाचं एक भांडं आलं नाही, की कुणी दारात उभं राहिलं नाही.

“कायदा तुमच्या बाजूने आहे,” हुडॅक म्हणाला. “गॅसच्या विहिरीजवळच्या घराचं पाणी वर्षाच्या आत बिघडलं, तर दोष कंपनीचाच धरतात. चांगलं पाणी तिनेच द्यायचं. पण खोदण्याआधी त्यांचा माणूस पाणी तपासायला आला आणि तुम्ही नकार दिलात, असं इथे लिहिलंय. चौदा ऑक्टोबर. मग सगळं तुम्ही सिद्ध करायचं. नकार का दिला, ते कायदा विचारत नाही.”

व्हर्नाने कागद स्वतःकडे ओढला.

“तुमची सही नाही, नकाराच्या चौकटीत त्यांच्या माणसाची नुसती खूण आहे.” त्याने आवाज खाली आणला. “कुणी आलंच नाही म्हणालात, तर कंपनी काय दाखवणार? नीट आठवा, व्हर्नाबाई. आलं होतं कुणी?”

पाण्याशिवाय इथे दुसरा हिवाळा निघणार नव्हता. मग ओहायोला जायचं, बहिणीच्या घरी, मागच्या खोलीत. मर्ल मात्र इथल्या टेकडीवर, त्याच्या थडग्यातच राहणार.

चौदा ऑक्टोबरच्या त्या सकाळी मर्लला कुशीवर वळवताना तिचे हात थकले होते. दार वाजलं. कंपनीचा एक लंगडणारा माणूस, ओक्लाहोमाचा, हातात पाण्याच्या नमुन्यांसाठी बाटल्यांची पेटी.

“आज नको हो,” ती रडत म्हणाली, “माझा माणूस चाललाय!”

त्याने पेटी पायरीवर ठेवली, बूट काढले आणि आत येऊन मर्लला वळवलं. मग खुर्ची ओढून संध्याकाळपर्यंत बसून राहिला. मर्लचा श्वास थांबला तेव्हा ती एकटी नव्हती. जाताना तो ओशाळून म्हणाला, “कागदावर दोनच चौकटी आहेत, बाई. तपासलं, नाहीतर नाकारलं.”

हुडॅक पेन धरून थांबला होता. नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं.

“आला होता,” व्हर्ना म्हणाली.

“अहो, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय!”

“असू दे. मर्ल गेला त्या दिवशी तेवढा एकच आला होता. तो आलाच नाही, असं कसं म्हणू?”