डांबराखाली

ब्रह्मपुरीत नूर मोहम्मद मिस्त्रीच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. माणूस हाताचा पक्का, पण जिभेला लगाम नाही. लटारूने बैलजोडी विकून लष्कराच्या लिलावातली छोटी मालमोटार घेतली आणि स्टेशनवरचं मीठ नदीपल्याडच्या बाजारांना पोचवायला लागला, तेव्हा गाडीच्या चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, नूरभाईनेच डांबर फासलं होतं. "दहा साल हिले गंज शिवत नाई. शिवला तं माहं नाव बदलून टाका," असं त्याने चारचौघांत ठणकावलं होतं.

दोनच वर्षांत, छप्पन सालच्या उन्हाळ्यात, गाडी कुरकुरायला लागली. चांद्याला पासिंग पंधरा दिवसांवर आलं होतं. लटारू आणि त्याची बायको रंभा गाडी घेऊन दुकानी आले. नूरभाई गाडीखाली सरकला, वरचं काळंकुळकुळीत डांबर पाहून खूश झाला आणि सहज स्क्रू पिळायचा पेचकस टोचला. तो पिकल्या पपईत शिरावा तसा आत गेला. वरून कीर्तन, आतून तमाशा!

सांगाड्याच्या पोकळीत त्याने हात घातला, तर मूठभर काळी, ओली तनस, म्हणजे धानाचा पेंढा, बाहेर आली. मग आणखी एक मूठ, मग घमेलंभर.

धानाच्या मुलखात जपायची कुठलीही वस्तू तनशीवर ठेवतात. मडकी असोत, आंबे असोत, नाहीतर बाळंतिणीचं अंथरूण असो. रंभा दर खेपेला मिठाच्या पोत्यांखाली ताजी तनस पसरायची. गाडीला मिठाचं पाणी लागू नये म्हणूनच तर! ती तनस गाडीच्या तळाच्या फळ्यांच्या फटीतून खाली उतरत गेली, मिठाचं पाणी पीत गेली आणि लोखंडाला पोटिसासारखी चिकटून बसली.

रंभाने घमेल्यातली तनस हातात घेतली. "मीच तं टाकत होती, भाऊ. माह्याच हातानं गाडी खाल्ली मी."

दुकानासमोर चहा पीत तीन-चार जण बसले होते. बाईनेच कबूल केलं होतं; मिस्त्रीने नुसती मान डोलावली असती तरी निभावलं असतं. नूरभाईच्या जिभेवर 'हो' आलंही. पण घमेल्यातल्या तनशीबरोबर डांबराच्या गुठळ्या पडल्या होत्या, आणि त्या गुठळ्यांच्या पोटात सुकलेला चिखल होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"बाई, तनस तुमची, पण डांबर माहं," तो म्हणाला. "चिखल न खरडता फासलं. पाणी गळून जायले भोकं रायते, तेही मीनंच बुजवले. तनशीतलं पाणी जाईन कुठी?"

  नूरभाईने बाह्या सरसावल्या. त्याचा आवाज कबुलीनंतरही तसूभर खाली आला नव्हता.

दहा दिवस त्याने दुसरं काम हाती धरलं नाही. डांबर खरडून काढलं, लोखंड चकाकेपर्यंत तारेच्या ब्रशने घासलं, गोड्या पाण्याने धुतलं आणि कडक उन्हात वाळवलं. सडलेला हातभर तुकडा कापून नवा बसवला. भोकं मोकळी केली, तांबडा रंग दिला, वर जळक्या ऑइलचा हात फिरवला. तनशीच्या जागी बांबूचा तट्टा, तोही फळ्यांपासून दोन बोटं उचलून. "आता खेप झाली का तलावावर न्या न् खालून धुवा," त्याने रंभाला बजावलं. "म्हशीवानी."

चांद्याला नूरभाईही सोबत गेला. पासिंगचे साहेब गाडीखाली वाकून पाहतात तोच नवा तुकडा डोळ्यांत भरला.

"चासी सडली होती. अशी गाडी मी रस्त्यावर सोडत नाही. कुणी केली ही दशा?"

"मीठ, सायेब..." लटारू चाचरला.

"मीनं, सायेब," नूरभाई मध्येच म्हणाला. "बिघडवली बी मीनंच, सुधरवली बी मीनंच."

 साहेबांनी लोखंड ठोकून पाहायचा हातोडा पुढे केला. "एवढा भरवसा असेल तर तूच मार. हळू मारलास तर मला कळेल."

तुकडा निखळला तर गाडी भंगारात, आणि घरी बैलही नव्हते. लटारूने तोंड फिरवलं. रंभाने पदराचा बोळा मुठीत आवळला. नूरभाई गाडीखाली गेला. नव्या तुकड्यावर त्याने मारलंच नाही. त्याच्या शेजारच्या जुन्या लोखंडावर, जिथे कच्चं असतं तर तुटलंच असतं, तिथे सगळ्या ताकदीने एक घाव घातला. लोखंड खणकलं. दुसरा घातला. तिसरा घातला. गंजाचा कपचा म्हणून पडला नाही.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. पण खालून नूरभाईची आरोळी आलीच, "आणखी मारू का, सायेब?"

"पुरे करा ना, भाऊ!" रंभा ओरडली. "माही गाडी हाय ते!"