हिरव्या कडेचा कप

सुनेने कोपरापर्यंत हात धुतले आणि खिडकीत वेगळा ठेवलेला हिरव्या कडेचा कप स्वतःच्या चहासाठी काढला. बाकीचे सहा फडताळात होते; त्यातला एक तिने सासूबाईंच्या चहासाठी घेतला. ती प्रयोगशाळेत मूलपेशी वाढवायला लागली त्याच आठवड्यात सासूबाईंनी हा कप खास तिच्यासाठी आणला होता. माणसाच्या त्या पेशी उंदराच्या पेशींच्या थरावर वाढतात, हे तिने भाबडेपणाने जेवताना सांगितलं होतं. सासूबाईंच्या घशात अडकलेला तो घास पाच वर्षं खाली उतरला नव्हता.

मध्यंतरी सासूबाईंच्या नजरेत मधोमध काळा डाग पडला. समोरचं नीट दिसावं म्हणून त्या सगळ्यांकडे तिरकं बघू लागल्या. सुनेकडे त्या पहिल्यापासूनच तसं बघत असल्याने तिच्या लक्षात यायला उशीर झाला.

आज तिने डोळ्याच्या शस्त्रक्रियेचं संमतीपत्र टेबलावर ठेवलं.

"आई, पेशी तयार आहेत. आता थांबलो तर आहे तेवढंही दिसणार नाही, म्हणालेत डॉक्टर."

"शी. उंदरावर वाढलेलं मी डोळ्यात घालून घेऊ? तीन वर्षांपूर्वीच सांगितलंय."

"उंदीर नाही. पेशींना खाऊ म्हणून घालतात त्या वासराच्या रक्ताचा थेंबही नाही. प्लास्टिकच्या ताटलीला कारखान्यात केलेल्या प्रथिनाचा हात द्यायचा, त्यावर वाढवल्यात. दोन वर्षं चिकटायलाच तयार नव्हत्या."

"कुठल्याच जनावराचा संबंध नाही?"

"केसाइतकाही नाही."

सासूबाईंनी कागद तिरका धरून पाहिला. मग हुंगला.

"वाढवल्या कोणी?"

"मी."

"म्हणजे तुझ्या हातच्या."

"हातमोजे असतात, आई."

"असतील गं." त्यांनी नाक मुरडलं. "दुसऱ्या कोणी वाढवलेल्या नाहीत का तिकडे?"

"नाहीत."

नवऱ्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि परगावचं हवामान मन लावून वाचायला घेतलं.

सासूबाईंनी कागद पुन्हा तिरका धरला.

"लावायच्या आधी धुऊन घेतात ना?"

"घेतात. तीनदा."

"मग दाखव, सही कुठे करायची."

सुनेने त्यांचं बोट धरून जागेवर टेकवलं. सही झाल्यावर सासूबाईंनी ते बोट रुमालाला पुसलं.

सुनेने दोन्ही कप सिंकमध्ये नेले. स्वतःचा नुसता विसळला. सासूबाईंचा साबणाने घासला, वास घेतला, पुन्हा घासला. मग हिरव्या कडेचा कप तिने आपणहून खिडकीत ठेवला, बाकीचे त्याला लागणार नाहीत असा.