बुजगावण्याचा मास्क

आमचे दौलतराव माणूस सोन्यासारखे, पण हट्टी असे की बैलानं शरमावं. गेल्या साली कपाशीवर फवारता फवारता धुऱ्यावर, वावराच्या बांधावरच, आडवे झाले. उलट्या, हातपाय थरथर. वर्ध्याच्या दवाखान्यात तीन दिवस मी त्यायच्या पायथ्याशी बसून होती. आठवले तेवढ्या सगळ्या देवायले नवस बोलून झाले.

घरी आल्यावर आमची पोर खुशी, तिनं मास्क, चष्मा अन् हातमोजे आणून देल्ले. यायनं ते सगळं ज्वारीतल्या बुजगावण्याले घातलं! काऊन, तं मास्क लावला की खर्रा खाता येत नाई. पंप पाठीवर घेतला की गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा पायजेच त्यायले. औषधाच्या हातानंच पुडी घोटाची, त्याच हातानं तोंडात टाकाची. मी सांगून सांगून थकली. म्हणत, इतक्या वर्षांत काई झालं नाई. जसं काई गेल्या साली दवाखान्यात बोंडअळीलेच भरती केलतं.

यंदा फवारणीच्या दिवशी ते विहिरीपाशी चहा पीत बसले होते. मी औषधाची बाटली दिसल अशी धुऱ्यावर ठेवली अन् पंप पाठीवर घेतला. पदर खोचला, गालात बडीशेपीचा बकाणा भरला, तोंड उघडं, हात उघडे, घुसली कपाशीत. शेजारच्या वावरातल्या बंडूजीनं पाह्यलं अन् दौलतरावले आवाज देल्ला.

चहा तिथंच सांडला. माणूस धावत निघाला तो सरळ बुजगावण्यापाशी. त्याचा मास्क ओढून काढला अन् माझ्या तोंडाले बांधाले लागले. घाईघाईत गाठच बसेना.

"उतरव थो पंप, कुंता. तुले काई झालं तं मी का करू?"

"मी गेल्या साली तीन दिवस हेच म्हणत होती," मी म्हणलं.

ते मटकन खाली बसले. मले मायबाई लय वाईट वाटलं. मी बडीशेप थुंकली अन् पंप त्यायच्यासमोर पालथा केला. नुसतं विहिरीचं पाणी होतं. आधी त्यायले कळलं नाई, मंग असे हासले, अन् मीबी, की बंडूजीले वाटलं दोघायच्या डोक्यात औषध चढलं.

त्याच दिवशी मास्क, चष्मा, हातमोजे, सगळं स्वच्छ धुऊन, चढवून त्यायनं वाऱ्याकडं पाठ करून फवारलं. ज्वारीतली पाखरं त्यायले पाहून भर्रकन उडाली. बुजगावण्याले अशी इज्जत कधी भेटली नव्हती.

खर्र्याची पुडी आता माझ्या पदराच्या गाठीत राह्यते. साबणानं आंघोळ झाली की मंगच भेटते. थो खर्राबी मले सोडवाचा हाय. पण घाई नाई. माणूस घरात हाय, भांडाले सारा जन्म पडला हाय.