तळाची मूठ

खोलीत पत्र्याची सात पिंपं होती. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, हरभराडाळ, उडीदडाळ आणि धणे. सगळं मिळून चारशे बारा किलो. प्रत्येक पिंपाच्या वरून, मधून आणि तळातून एकेक किलो, असे एकवीस नमुने निर्यातीच्या तपासणीला आलेल्या रुपालीने काढले आणि चाळले. वीस नमुन्यांत काही नव्हतं. एकविसाव्यात, म्हणजे तांदळाच्या तळाशी, अकरा जिवंत अळ्या आणि चौतीस रिकाम्या काती मिळाल्या.

अळ्या तपकिरी, केसाळ, शेपटीला केसांचा झुपका असलेल्या. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिने एका अळीच्या तोंडाचा भाग काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि शंका उरली नाही. हा घरोघरचा सोंडा नव्हता. हा खापरा होता. फटीत दडून बसतो, खायला नसलं तरी वर्षं काढतो. परदेशी बंदरावर एक जिवंत अळी सापडली तरी अख्खा माल परत.

आणि काळाचौकीच्या या बचत गटाचा तीनशे किलो भाजणीचा माल अठ्ठावीस तारखेच्या बोटीने मेलबर्नला जायचा होता. बारा बायकांची ही पहिली परदेशी ऑर्डर. आज दोन तारीख होती.

तिने निकाल सांगितला तेव्हा शांताकाकू तांदळाच्या पिंपाला टेकून उभ्या होत्या. गट त्यांनीच उभा केला होता, पिंपंही त्यांच्याच घरची.

"माझ्या पिंपात किडो?" काकूंचा आवाज चढला. "काय गो बाय, गिरगावातून येऊन माका तांदूळ शिकवतंस? सोंडे होतात कधीमधी. उन्हात घातले की जातात."

"सोंडे जातात, काकू. हा ऊन लागलं की फटीत जातो."

काकूंची सून किर्ती गटाची सगळी कागदपत्रं सांभाळायची. ती हळूच म्हणाली, "रुपाली, भाजल्यावर मरेल ना तो? मग लिहून टाक, नाही म्हणून. कोण बघतंय?"

"मेलबर्नला बघतात. ते माझ्यापेक्षा खडूस आहेत."

किर्तीला हसू आलं. काकूंना नाही.

"पण तुझा प्रश्न बरोबर आहे," रुपालीने वहीत पाहिलं. "काल तुम्ही भाजत होतात तेव्हा मी मोजलं. कढईत दाणा एकशे अडतीस अंशांवर जातो. खापरा साठ अंशांत अर्ध्या तासात मरतो. भाजण्यात तुमचा धोका शून्य. पण दळून आणल्यावर पिशव्या कुठे ठेवता?"

"इथेच," किर्ती म्हणाली आणि तिची नजर पिंपांमागच्या भिंतीच्या फटींकडे गेली.

आता रुपालीला एकच गोष्ट कळत नव्हती. तांदूळ दर महिन्याला नवे येत होते. मग इतक्या जुन्या काती तळाशी कशा? तिने विचारलं, "हे पिंप पूर्ण रिकामं कधी केलं होतं?"

"पूर्ण?" काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती काहीतरी अभद्र बोलली होती. "धान्याचं पिंप पूर्ण रिकामं करत नाहीत. मूठभर ठेवायचे आणि त्यावर नवे ओतायचे. तुझी आई करत नाही?"

आई करायची. तांदूळ संपले असंही म्हणायची नाही, वाढले म्हणायची. रुपालीला ते आठवलं आणि उत्तरही सापडलं. मूठ दर वेळी तळाशीच राहत होती. किड्याला कोणी कधी घर सोडायला लावलंच नव्हतं.

"किती वर्षं, काकू?"

काकूंनी पिंपाचा पत्रा चाचपला. मग म्हणाल्या, "ह्यांची मिल बंद पडली त्या वर्षी ह्या पिंपाचा तळ बघितलेलो मी. पत्रा दिसलेलो, पत्रा. नवीन लग्न झालेलं. तेव्हापासून नाही बघितला."

रुपालीने चाळणी खाली ठेवली. अहवालात काय लिहायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं, त्यात बदल होणार नव्हता. "काकू, पिंप रिकामं करावं लागेल. सातही. सांध्यांत उकळतं पाणी जायला हवं. आज केलं तर मी तीन आठवडे सापळे लावून बघू शकते. तेवीस तारखेला कळेल. बोट चुकणार नाही."

"आणि मूठ?"

"ती आहे तशी ठेवता येणार नाही."

काकू खाली बसल्या. बराच वेळ त्या पिंपाच्या काठावरून बोट फिरवत होत्या. मग अचानक किर्तीवर खेकसल्या, "उभी काय? कढई घे! भाजणी करणाऱ्या बाईला भाजायला कोणी शिकवायला हवं काय? जुने जाऊ देत. आज आलेल्या नव्या पोत्यातली मूठ घे, खमंग भाज, तीच तळाला जाईल. मुठीने कच्चंच असावं असं कोणी सांगितलंय?"

"कोणीच नाही," रुपाली म्हणाली आणि तापमापक घेऊन कढईशी बसली. दाणा एकशे एक्केचाळीस अंशांवर गेला.

त्या दुपारी बारा बायकांनी सातही पिंपं उपडी केली. तांदूळ दुहेरी पिशव्यांत बंद करून जाळायला पाठवले. पिंपं उकळत्या पाण्याने धुतली, भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवल्या. तयार पिशव्यांसाठी गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाने पलीकडची आपली खोली दिली. काकूंनी तांदळाच्या पिंपात वाकून पाहिलं, पत्र्यावर हात फिरवला, मग भाजलेली मूठ स्वतः तळाशी पसरली आणि म्हणाल्या, "ओता."

रुपालीने दोन्ही खोल्यांत मिळून बारा सापळे लावले.

तेवीस तारखेला तिने नोंद केली. सापळे बारा, दिवस एकवीस, खापरा शून्य. भाजणीच्या पिशव्यांतले नमुने तीस, जिवंत अळ्या शून्य, काती शून्य. तांदळाच्या पिंपाच्या तळातला नमुना एक किलो. त्यात भाजलेले दाणे एक हजार सहाशे चाळीस, अळ्या शून्य.