पस्तीस मिनिटं की सत्तर?

आमच्या विमानतळापासून शेजारच्या शहराचा विमानतळ एकशे नव्वद किलोमीटरवर. उड्डाण पस्तीस मिनिटांचं. वेळापत्रकात मी लिहितो सत्तर. वेळापत्रक बनवणं ही माझी नोकरी आणि गादीत कापूस भरावा तसा त्यात वेळ भरणं ही माझी कला. विमान कितीही रखडलं तरी ‘वेळेवर’ उतरतं, नाहीतर ‘वेळेआधी’. दरवर्षी कंपनीला वक्तशीरपणाची ढाल मिळते आणि आमचे साहेब ती पुसत बसतात, जणू विमान त्यांनीच पाठीवरून वाहून आणलं.

घरी मला असली ढाल कोणी देणार नाही. लेकीच्या लग्नाच्या नोंदणीला मी साक्षीदार होतो. पोचलो तेव्हा नवरा-नवरी जेवून हात धूत होती आणि माझ्या जागी टॅक्सीवाल्याने सही ठोकली होती. मी ट्रॅफिकच्या नावाने खडे फोडले. लेकीने अबोला धरला, तो तीन वर्षं.

परवा शेजारच्या शहरातून अचानक तिचा फोन. “दहाच्या विमानाने येतेय. उतरल्यावर दारात उभे दिसलात तर घरी येईन. नाहीतर त्याच विमानाने परत.” बापावर गेलीय, दुसरं काय!

मी वेळापत्रक उघडलं. दहाला निघणार, अकरा दहाला उतरणार. इस्त्रीचा शर्ट चढवला आणि अकराच्या ठोक्याला विमानतळावर हजर. चक्क दहा मिनिटं आधी! स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

“साहेब, विमान केव्हाच आलं,” दारावरचा रखवालदार कौतुकाने म्हणाला. “आपलं विमान नेहमी लवकरच येतं ना!”

वीस वर्षं लोकांना टोप्या घातल्या आणि आज स्वतःच घालून आलो होतो. लेक तिकीट खिडकीपाशी उभी होती, हातात परतीचं तिकीट.

“ट्रॅफिक ना?” तिने विचारलं.

‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

“नाही. रस्ता रिकामा होता. विमान पस्तीस मिनिटांतच येतं. उरलेली पस्तीस मी भरतो. आणि आज मीच त्यांना फसलो.”

रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. तिकीटवाला खोकला. साहेबांची ढाल गेली खड्ड्यात.

“म्हणजे विमान लवकर आलं नाही?”

“नाही. तू वेळेवर आलीस. उशीर मी केला.”

असलं वाक्य मी जन्मात पहिल्यांदा बोललो. ती हसली नाही. तिकीटही फाडलं नाही. काचेपलीकडे विमान उभं होतं, वैमानिक शिडीपाशी जांभया देत होता. पण अकरा चाळीसच्या आधी त्याला हलता येणार नव्हतं. तसं मीच लिहून ठेवलं होतं.

लेक जवळच्या बाकावर जाऊन बसली. पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि शेजारची जागा मोकळी केली.

“अजून अर्धा तास आहे,” ती म्हणाली. “बसा, बाबा.”

तीन वर्षांनी ‘बाबा’ ऐकलं. सुरुवात कुठून करावी कळेना, म्हणून मी आधी माफी मागितली.